मानेची गोष्ट

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या मनातल्या मनात घालून झाल्या असतील, तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच.

तू तेव्हा बरोबर होतास. घे, लेखी देतो.

मुलांच्या पुस्तकात मी इलॅस्मोसॉरस काढलाय, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी. समुद्रातून हंसासारखी मान वर, मागे मावळता सूर्य. झकास जमलं होतं रे. ३,००० प्रती निघाल्या. काल सोसायटीतल्या पोरांना तेच वाचून दाखवत होतो. एक आठेक वर्षांचं कार्टं उठलं, जळमटं काढायचा लांब झाडू दांड्याच्या टोकाला धरून आडवा उचलायला लागलं. झाडू धाडकन फरशीवर. "काका, एवढी मान उचलल्यावर हा पुढे बुडत नाही?" मी म्हणालो, "पाण्यात चालतं तसं." त्यावर तो म्हणाला, "पुस्तकात आहे म्हणजे असेल." आणि झाडू कोपऱ्यात ठेवून बसला.

बंड्या, ते "असेल" काही केल्या डोक्यातून जात नाही.

रात्री वाचत बसलो. मानेत ७२ मणके! दहा मीटरच्या वरचं जनावर, त्यात निम्म्याहून जास्त मानच. पाण्याबाहेर ती उभी करायला गेला तर अंगच पुढे कलंडणार. चार वल्ह्यांनी सावकाश पोहायचं, धूड मागे ठेवून चिमुकलं डोकं माशांच्या थव्यात घालायचं, सुयांसारखे दात एकमेकांत अडकले की मासा पिंजऱ्यात. आणि मी काठावर वाळूत अंडीसुद्धा काढलीत! याच्याच भावकीतल्या एका मादीचा सांगाडा १९८७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससला मिळाला, पोटात एकच मोठं पिल्लू. २०११ मध्ये ते जाहीर झालं. माझं पुस्तक गेल्या वर्षीचं, म्हणजे सबबही नाही.

दिलासा एकच. याच प्राण्याची हाडं जुळवताना एडवर्ड कोप या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञानं डोकं शेपटीच्या टोकाला बसवलं होतं! १८७० मध्ये लायडी या दुसऱ्या तज्ज्ञानं चूक दाखवली, तेव्हा हा गडी छापलेल्या प्रती परत गोळा करत सुटला. त्याचा वैरी मार्श, तोही जीवाश्मतज्ज्ञच, त्यानं मात्र प्रत आपल्याकडे ठेवलीच. माझी प्रत तुझ्याकडे आहे. मार्श होऊ नकोस.

गणपतीच्या देखाव्यातला घोडा आठवतो? मागचा पाय उलटा वळवला, म्हणून तू मांडवात सगळ्यांसमोर ओरडलास, "आधी हाडं काढ, मग कातडं!" तीन महिने अबोला. दहा दिवसांत एकाही माणसाला तो पाय खटकला नाही, हे मी आजही सांगतो.

प्रकाशक म्हणतात, पोरांना काय कळतंय. शुद्धिपत्र स्वखर्चानं छापून चिकटवू म्हणतो. ही म्हणते, आधी लाइटबिल भरा.

चिंगीचा निकाल काय? छताचं गळणं थांबलं का? वहिनींना नमस्कार.

तुझी ती हाडांची वही पाठव, झेरॉक्स नको. मान आडवी काढायला घेतलीय. झाली की आधी त्या पोराला दाखवणार, मग तुला.

तुझा,
अण्णा