चि. निनादास: झाडांमधून एकट्याने उतरण्याबद्दल

पुणे, 8 जानेवारी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तुझा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बाबांनी टीव्हीवर लावून निम्म्या सोसायटीला दाखवला. अमेरिकेतल्या तुझ्या स्टीव्हन्स पास स्की केंद्रावरचा तो कमरेइतका भुसभुशीत बर्फ, काळपट हिरवी उंच झाडं आणि त्यांच्यामधून वळणं घेत निघालेला तू. देशपांडे काकू म्हणाल्या, "अगदी जाहिरातीतल्यासारखं!" मी दुसरंच बघत होते. एक म्हणजे अख्ख्या व्हिडिओत तुझ्याशिवाय माणूस नाही. आणि शेवटाकडे तुझी डावी स्की एका झाडाच्या खालच्या फांदीत अडकते, तोल सावरायला तू फांदी धरतोस, हसतोस आणि पुढे जातोस. त्या फांदीखाली काय होतं ते तुला माहीत होतं का? हे फोनवर विचारणार होते, पण फोनवर तू "हो गं आई" म्हणतोस आणि विषय तिथेच मिटतो. पत्राला मध्येच "हो गं आई" म्हणता येत नाही.

आधीच सांगते, स्कीइंग सोड असं मी म्हणणार नाहीये. तुला दर पावसाळ्यात सह्याद्रीत पाठवणारी मीच होते, तेव्हा बाबा अंगणात येरझाऱ्या घालायचे. माझं म्हणणं एवढंच आहे की नवा बर्फ पडलेला असताना झाडांमध्ये एकट्याने उतरू नकोस. का, ते नीट सांगते, कारण "आई सांगते म्हणून" हे कारण तुला दहावीपासून चालत नाही.

तुमच्याकडचे फर, हेमलॉक यांच्या फांद्या बुंध्यापाशी खालपर्यंत येतात. वरून पडणारा बर्फ त्या फांद्या झेलतात. त्यामुळे आजूबाजूला दोन-तीन मीटर थर साचतो, दबतो, घट्ट होतो, आणि बुंध्याभोवती मात्र पोकळी राहते किंवा नुसता सैल बर्फ. ट्री वेल म्हणतात ती हीच. वरून काही कळत नाही, फांद्यांवर बर्फाचं पांघरूण असतं आणि सगळा उतार एकसारखा गुळगुळीत दिसतो. खोली कधी माणूस उभा बुडेल एवढी, कधी त्याहून पुष्कळ जास्त. आणि तू राहतोस तो भाग याबाबतीत फार श्रीमंत आहे. समुद्रावरून येणारे ढग कॅस्केड डोंगरांवर रिकामे होतात, त्यामुळे तिथे बर्फही भरपूर आणि सूचिपर्णी झाडंही दाट. त्याच रांगेतल्या माउंट बेकरच्या स्की केंद्रावर 1998-99 च्या हंगामात 1,140 इंच बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ 29 मीटर. ताम्हिणीच्या पावसाचं कौतुक करणारे आपण, आपण गप्पच बसलेलं बरं.

आता माणूस त्यात पडतो कसा? पाय घसरून सरळ उभा आत गेला तर निदान डोकं वर राहतं. पण बहुतेक वेळा तसं होत नाही. वेगात असताना झाडाजवळ तोल जातो, वरचं अंग खड्ड्याकडे झुकतं आणि माणूस डोक्यावर आत जातो. पाय वर, स्की फांद्यांत किंवा कडेच्या बर्फात अडकलेल्या. त्याच धक्क्याने फांद्यांवरचा बर्फ मागोमाग अंगावर कोसळतो. आजोळी ज्वारीच्या कणगीत तू लहानपणी उतरला होतास, आठवतं? जितके पाय मारशील तितका आणखी आत जायचास, आणि दाणे आपले तुझ्याभोवती शांतपणे बसत जायचे. हा बर्फ तसाच वागतो. बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या बाइंडिंगपर्यंत हात पोचत नाही, आणि वळून वर यायला टेकण्यासारखं काहीही घट्ट सापडत नाही. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यांत ठेवून प्रयोग झाले, जवळ मदतनीस उभे होते. दहातल्या नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नाही. तू रोज जिमला जातोस याचा इथे काही उपयोग नाही, हे मला त्या आकड्याने पटलं.

पुढचं मी माझ्या धंद्यातून सांगते. जन्म गेला भूल देण्यात, म्हणजे दुसऱ्याच्या श्वासावर डोळा ठेवण्यात. ऑपरेशनच्या टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली की पोटातले अवयव श्वासपटलावर रेलतात आणि फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडते. म्हणून आम्ही तेव्हा यंत्रावरच्या दाबाच्या आकड्यावरून नजर हलवत नाही. तू उलटा लटकलेला, छातीभोवती बर्फ दाबून बसलेला, आणि यंत्र नाही. नव्या बर्फात हवा पुष्कळ असते, त्यामुळे श्वास लगेच बंद पडत नाही. पण सोडलेला उच्छ्वास उबदार आणि ओलसर असतो. तोंडापुढचा बर्फ त्याने वितळतो, पुन्हा गोठतो आणि चेहऱ्यासमोर बर्फाचा मुखवटा तयार होतो. मग आपलाच उच्छ्वास परत आत घ्यावा लागतो. कार्बन डायऑक्साइड चढतो, जीव घाबरा होतो, माणूस धडपडतो, धडपडीत प्राणवायू आणखी खर्च होतो. मग गुंगी. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्यांवर स्वित्झर्लंडमध्ये मोठा अभ्यास झाला आहे: पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले दहातले नऊ वाचतात, आणि त्यानंतर तो आकडा कड्यावरून पडल्यासारखा घसरतो. झाडाखालच्या खड्ड्यात गाठ पडते ती याच घड्याळाशी. हाडं मोडलेली नसतात, अंगावर ओरखडासुद्धा नसतो. धडधाकट माणूस केवळ वेळेत कुणी आलं नाही म्हणून जातो.

म्हणून मला तुझ्या एकटेपणाची भीती वाटते, तुझ्या कौशल्याची नाही. तू म्हणशील, "आई, स्की रिसॉर्टमध्ये कुणी एकटं नसतं, लिफ्टवर रांगा असतात." तू सिंहगडावर पहाटे एकटा जायचास तेव्हा मी कधी अडवलं नाही, कारण तिथे पाय मुरगळला तर मागून येणारा आजोबांचा घोळका तुला उचलून दह्याच्या मडक्यापाशी आणून बसवेल. झाडांमध्ये तसं नाही. रुळलेल्या उतारापासून वीस पावलांवर तू खड्ड्यात असलास तरी वरून जाणाऱ्याला काही दिसत नाही. ओरडलास तर नवा बर्फ आवाज गिळून टाकतो. तुझ्या गाडीचा वाहनतळावरचा पत्ता मला कुटुंबाच्या ग्रुपवर निळ्या ठिपक्यात दिसतो, तो ठिपका हलला नाही तर मला इथे साडेतेरा तास पुढे बसून काय करता येणार आहे? मला फोन करून निघालास याने माझी झोप नीट लागेल, तुझा श्वास नाही.

सोबती हवा, पण सोबती कशाला म्हणायचं तेही बघ. "खाली लिफ्टपाशी भेटू" म्हणणारा मित्र सोबती नाही. तो खाली पोचून कॉफी घेत तुझी वाट बघणार, दहा मिनिटांनी घड्याळ बघणार, आणि मग छातीइतक्या मऊ बर्फातून चढ चढून वर येणार? ते जमत नाही. स्की काढली की माणूस स्वतःच कमरेपर्यंत रुततो. सोबती म्हणजे जो तुला सतत बघू शकतो आणि दोन-चार मिनिटांत तुझ्यापाशी पोचू शकतो. एकाने थोडं उतरायचं, थांबायचं, वर बघायचं, दुसऱ्याने यायचं. तुमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये शेवटी चालणारा असायचा ना, वळणावळणावर डोकी मोजणारा? त्याच्यावर तुम्ही वैतागायचात. तोच माणूस इथे हवा.

बाबांनी लगेच यंत्रांचा शोध सुरू केला, तुला ठाऊकच आहे. ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फात गाडलेल्याला शोधायचं ते अंगावर बांधायचं यंत्र, घे, जरूर घे. 457 किलोहर्ट्‌झवर ते इशारा देत राहतं. पण तो इशारा ऐकायला जवळ कुणीतरी दुसरं ट्रान्सीव्हर शोधायच्या बटणावर लावून उभं असावं लागतं, शिवाय त्याच्याकडे फावडं हवं. आणि मोबाइल त्या यंत्रापासून निदान वीस सेंटिमीटर लांब ठेव, शोधताना पन्नास, नाहीतर गोंधळ होतो. माझ्या लेखी खरी कामाची वस्तू शिट्टी आहे, तीही बॅगेत नाही, जॅकेटच्या गळ्यापाशी, तोंडाला लागेल अशी. काठ्यांचे पट्टे झाडांत शिरण्याआधी मनगटातून काढ, अडकलेला हात चेहऱ्यापाशी येत नाही. जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत लाव. उतरताना झाडांकडे बघू नकोस, मधल्या मोकळ्या जागेकडे बघ, कारण नजर जिथे जाते तिथेच स्की जाते, हे तूच मला सांगितलं होतंस. खालपर्यंत फांद्या असलेल्या प्रत्येक झाडाखाली खड्डा आहे असं धरून चाल आणि लांबून जा. सर्वात वाईट काळ बर्फाचं मोठं वादळ चालू असताना आणि त्याच्या लगेच नंतरचा, म्हणजे नेमका तो दिवस, ज्या दिवशी तू ऑफिसला "आज बरं नाही" असं कळवतोस.

तरीही तोल गेलाच तर पडता पडता फांदी धर, बुंधा धर, जे हाताला लागेल ते धर आणि सोडू नकोस. अंग वळवून पाय खाली, डोकं वर ठेवायचा प्रयत्न कर. आत गेलासच तर धडपड थांबव. हे सांगणं सोपं आहे, मला कळतं. पण प्रत्येक झटक्याला वरून आणखी बर्फ येतो. पहिल्यांदा हात चेहऱ्यासमोर ने आणि तोंडापुढे पोकळी कर. मग अंग हळूहळू डोलवून ती वाढव. श्वास सावकाश. शिट्टी वाजव. एखादा हात मोकळा असेल आणि फोन लागत असेल तर स्की पेट्रोलला, म्हणजे स्की केंद्राच्या बचावपथकाला, लाव. त्यांचा नंबर आजच साठवून ठेव.

आणि दुसरा पडला तर? हा भाग तू सोडून देशील म्हणून जोर देऊन लिहिते. मदत आणायला निघून जाऊ नकोस. शिट्टी वाजव, पेट्रोलला फोन लाव, पण हात खणत राहिले पाहिजेत. पायाला धरून वर ओढायच्या भरीला पडू नकोस, आणि वरून उकरूही नकोस, सगळा बर्फ त्याच्या तोंडावर जाईल. डोकं कुठे असेल ते ताड आणि बाजूने, उताराच्या अंगाने, थेट डोक्याच्या दिशेने खण. आधी नाक-तोंड मोकळं, मग छाती, बाकीचं अंग नंतर. खणताना आपण स्वतः आत जाणार नाही एवढं बघ. श्वास नसेल तर पहिल्यांदा पाच श्वास तोंडाने दे आणि मग छाती दाबायला घे. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला नुसतं छाती दाबणं चालून जातं. गुदमरलेल्याच्या रक्तात प्राणवायूच उरलेला नसतो, नुसतं दाबून फिरवणार काय? आमच्या हॉलमध्ये तक्क्यावर तुला हे शिकवलं होतं तेव्हा तू आणि तन्वी हसून लोळला होतात. तक्क्या अजून आहे. पुढच्या वेळी आलास की उजळणी.

एकट्याने जावंसं वाटतं, हेही मला समजतं. आठवडाभर लोकांत बसून काम केल्यावर डोंगरात दुसऱ्याचा आवाज नको वाटतो. मग त्या दिवशी ग्रूम केलेल्या उतारांवर राहा, यंत्राने दाबलेल्या, झाडांपासून दूर असलेल्या. तिथे एकटा हवं तितकं घसर. तुला ते मिळमिळीत वाटेल. वाटू दे.

संक्रांतीचं पार्सल काल टाकलं. तिळगुळाच्या डब्यात शिट्टी आहे, मोडकी नाही, मी वाजवून बघितली, खालच्या वॉचमनने वर बघितलं. तन्वीचा अभ्यास चालू आहे, म्हणजे पुस्तक उघडं असतं. बाबांचं गुडघ्याचं बरं आहे.

येत्या शनिवारी कोणाबरोबर जातो आहेस त्याचं नाव कळव, आणि त्याच्याकडे फावडं आहे का तेही विचारून कळव. कुणी मिळालं नाही तर कुठल्या उतारांवर असशील ते लिही. मी रिसॉर्टचा नकाशा उतरवून घेतला आहे.

तुझी,
आई