बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रीमामांना, त्या लाल रेघेबद्दल

मिस्त्रीमामा, नमस्कार.

तुमचा फोन बटणाचा, त्यामुळे हे तुम्हाला स्वतःला दिसणार नाही हे माहितीय, पण तुमची धाकटी वाचून दाखवणार याची खात्री आहे, आणि तिनं वाचायलाच पाहिजे कारण निम्मं श्रेय तिच्या बाटलीचं आहे, ते येईल पुढं. तुमचं नाव, शेडचा नंबर काही लिहीत नाही, तुम्हीच बोललेलात ना, "दारात गर्दी आणू नको गा, आहे तेच काम संपेना झालंय."

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमची जीप जुनी, वडिलांनी घेतलेली. जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग, शेवटचे दोन किलोमीटर रस्ता असा नाहीच, लाल माती, उसवलेल्या चाकोऱ्या आणि मधे ओढा. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना काय सांगायचं, मलप्रभा उगाच नाही तिथं उगम पावत. मृग लागला की गाडीचं एक मागचं चाक चाकोरीत आणि दुसरं हवेत, आणि साधं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारी गियरची पेटी) असलं की हवेतलं चाक भिंगरीसारखं फिरतं नि जमिनीवरचं गप्प बसून राहतं, कारण डिफरन्शियल दोन्ही बाजूला जोर सारखाच वाटतं आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतोच कुठं, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य. म्हणून स्पूल बसवायचं डोक्यात घेतलं. स्पूल म्हणजे आतली ती बारक्या गियरची भानगडच काढून टाकायची आणि त्या जागी एक अखंड पोलादी तुकडा, क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चाक त्याच्यावरच बोल्ट, चाकांपर्यंत जाणारे दोन्ही एक्सल शाफ्ट त्याच्यातच रुतलेले, चाकं दोन्ही कायम बरोबर फिरणार, एक हवेत असलं तरी.

आता जिथं आधी गेलो त्यांच्याबद्दल. नाव घेत नाही, घ्यायची इच्छा खूप आहे. काचेचं गॅरेज, वेटिंगला एसी, कॉफीचं मशीन. "स्पूल बसवला साहेब" म्हणून बिल दिलं आणि मी बघितलं नाही ही माझी चूक. आत काय केलेलं, तर जुन्याच गियरांना वेल्डिंग मारून जाम केलेलं! तिसऱ्या आठवड्यात ओढ्यात, शेजारच्या सीटवर वडील, मागं खताची सहा पोती, टक्क असा आवाज आला, बंदुकीसारखा, शाफ्ट तुटला आणि संपलं. वडील शहात्तर वर्षांचे, पावसात बागेपर्यंत चालत गेले, मी पोती खांद्यावरून वाहिली. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. परत गेलो तर गॅरेजवाला म्हणतो तुम्ही क्लच दणकन सोडता. त्यानंच "इम्पोर्टेड" म्हणून दुसरा शाफ्ट घातला, त्याचेही पैसे माझ्याकडून घेतले, तो पंधरा दिवस टिकला. मग दुसऱ्या एकाकडं गेलो, त्यानं गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही, भंगारात द्या म्हणाला.

तुमच्याकडं मला पाठवलं उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरचे शाफ्ट कुठं दुरुस्त होतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. तुमची शेड बघून खरं तर मी जरा बिचकलो, पत्र्याखाली एक लेथ, भिंतीला खडूनं लिहिलेले आकडे, आणि तुम्ही दात मोजताना कानडी आणि पोरांना शिव्या देताना मराठी. मी तुटलेले दोन्ही तुकडे पिशवीतून काढले. तुम्ही चष्मा कपाळावर सारला आणि तुटलेलं तोंड उजेडाकडं धरून इतका वेळ बघत बसलात की मला वाटलं काही विचारायचं विसरलात. मग नखानं दाखवलंत, कडेला काळपट, गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळ्या, आणि आत साखरेसारखं चमकणारं ताजं. "हा त्या दिवशी नाही तुटला गा. हा आधीपासून तुटत आला होता, त्या दिवशी फक्त संपला."

मामा, तेवढ्यावर मी निम्मा बरा झालो. कारण तीन महिने मी स्वतःलाच खात होतो, माझ्याच हातानं झालं, वडिलांना मीच पावसात चालवलं. त्या गॅरेजवाल्यानं काळपट कडा बघितली नव्हती का? बघितली असणार.

आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय. "आधी दोघं भाऊ निम्मं-निम्मं उचलत होते. आता जाम केल्यावर एक झोपला की दुसऱ्याच्या डोक्यावर अख्खं पोतं." म्हणजे वेल्डिंग काय न् स्पूल काय, एक चाक हवेत गेलं की सगळा जोर एकाच शाफ्टवर, आणि पहिला गियर, फोर-व्हीलचा लो गियर आणि क्राऊन-पिनियन (मोठं दातेरी चाक नि त्याला फिरवणारं छोटं) मिळून इंजिनचा जोर चाकापर्यंत तीस-पस्तीस पट होऊन पोचतो. कंपनीचा शाफ्ट निम्म्याच्या हिशोबानं केलेला, तो बिचारा काय करणार. स्पूल घालायचा तर शाफ्ट आधी बदल, हे वाक्य त्या एसीतल्या कुणी उच्चारलं असतं तरी माझं काम झालं असतं.

कामाचं सगळं इथं लिहीत बसत नाही, निम्मं मला कळलंही नाही. ईएन २४ ची सळी आणलीत, निकेल-क्रोम-मोलिब्डेनमचं पोलाद, अमेरिकेत ४३४० म्हणतात त्याचाच आपल्याकडचा चुलतभाऊ. जाडी थोडी वाढवलीत, म्हणालात जाडी एक दशांशानं वाढली की पिळाची ताकद तिसऱ्या हिश्शानं वाढते, मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर केलं, १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, आलं १.३३! स्प्लाईनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाला स्पूलमध्ये बसायला कापलेल्या खाचांच्या, मागं शाफ्टचा मधला भाग मात्र मुद्दाम किंचित बारीक ठेवलात, मला वाटलं चुकलं, तर म्हणे पिळ सगळ्या लांबीत वाटला जाऊ दे, स्प्लाईनच्या तोंडाशी साचला की तिथंच तुटतं. स्पूलमधली स्प्लाईन शेजारच्या शेडमधून कापून आली, हीट ट्रीटमेंट होऊन आलं, हौसिंगमधून, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या पेटीतून, वेल्डिंगचा चुरा लोहचुंबकाला दोरी बांधून काढलात, चार वेळा डिझेलनं धुतलं. क्राऊनच्या दातांना निळा रंग लावून पिनियन फिरवून ठसा बघितलात, शिम, म्हणजे पातळ चकती, काढली, घातली, परत काढली, मी एक अक्षर बोललो नाही कारण "बघुलालैस काय, बॅटरी धर की नीट" हे आधी एकदा ऐकून झालं होतं.

पण मी जे सांगायला बसलोय ते हे नव्हेच.

शनिवारी संध्याकाळी, शटर निम्मं खाली, दोन्ही नवे शाफ्ट पोत्यावर आडवे ठेवलेले, टेंपोवाला बाहेर हॉर्न मारतोय, मलाही घाई. तुमची धाकटी डबा न्यायला आलेली, कॉलेजची बॅग खांद्याला. आणि तुम्ही एकदम तिला म्हणालात, "तुझी ती नखांची बाटली दे बघू." ती ओरडली, "अप्पा, नवीन आहे ती!" तरी दिली. थिनरच्या फडक्यानं शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलात, लोखंडी पट्टी लावलीत, आणि त्या तुमच्या काळ्या, फुटलेल्या बोटांत ते एवढंसं ब्रश धरून चाकाकडच्या फ्लँजपासून स्प्लाईनपर्यंत सरळ लाल रेघ ओढलीत. श्वास रोखून. एका ठिकाणी जरा हललं तर थिनरनं पुसून तेवढाच भाग परत. मग दुसरा शाफ्ट. मग फुंकर घालून वाळवत बसलात, दोन्हींवर, आणि बाहेर तो टेंपोवाला हॉर्न मारून मारून दमून चहाला गेला.

मी विचारलं हे कशाला.

"पावसाळा संपला की शाफ्ट ओढून बघ. रेघ सरळ असली तर सरळच घाल परत. रेघ दोरीसारखी पिळलेली दिसली तर समज त्यानं सहन केलंय, आता सांगत नाही कधी जाईल, तो बदल. मला विचारायला कशाला येतोस, त्यालाच विचार."

मी तेव्हा फक्त "बरं" म्हणालो. गाडी चढवली, पैसे दिले, तुम्ही त्यातले दोनशे परत काढून टेंपोवाल्याला दिलेत थांबवल्याबद्दल. खानापूर गेलं तरी मी गप्पच होतो, आणि पुढं अंधारात एकटाच टेंपोत बसून, सांगायला लाज वाटते, डोळ्यात पाणी आलं. ही रेघ कुणाला दिसणार नव्हती, मामा. नळीच्या आत, नव्वद नंबरच्या ऑईलमध्ये, अंधारात. बिलात ती नाही. उलट त्या रेघेनं तुमचंच गिऱ्हाईक तुटतं, शाफ्ट तुटला की मी परत आलोच असतो पैसे घेऊन. पण तुम्हाला वाटलं की हा माणूस वडिलांना घेऊन परत त्या ओढ्यात जाणार, त्याला आधी कळायला पाहिजे.

अशी माणसं मला अधूनमधून भेटत आलीत आणि सगळ्यांचं काम न दिसणाऱ्या जागी असतं. आमचा टेलर पोरांच्या पँटच्या शिवणीत दोन बोटं कापड ठेवतो, न सांगता, पुढच्या वर्षी सोडवायला. घराचं प्लास्टर करताना गवंड्यानं मला बोलवून भिंतीवर हात ठेवून दाखवलं, पाईप इथून गेलाय, खिळा इथं मारू नका. काचेच्या गॅरेजात पाच जणांनी मला सर म्हटलं, पाणी विचारलं, फीडबॅकचा मेसेज पाठवला, पाच स्टार द्या म्हणून, आणि आत वेल्डिंग. तुम्ही मला एकदाही नीट नमस्कारसुद्धा केला नाहीत.

गाडी डांबरावर न्यायची नाही हे बजावलंत तेही पाळतोय. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी, आणि आता दोघं एका जोखडात, एकदा गावातल्या काँक्रीटवर वळवून बघितली तर टायर असं कुईं कुईं केलं की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. ओल्या डांबरावर मागची बाजू कशी फेकेल ते करून बघायची हिंमत नाही, जीप बागेतच असते. ओढ्यात मात्र आता एक चाक हवेत असलं तरी ती बैलजोडीसारखी निघते. वडील शेजारी बसतात. पहिल्या वेळी त्यांनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, आता एका हातानं धरतात.

तर खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायच्या आधी मी ड्रम काढून दोन्ही शाफ्ट ओढले, पाट मांडायला उशीर झाला म्हणून घरात बोलणी खाल्ली. पुसून उन्हात ठेवले. डाव्याची रेघ तुम्ही ओढली तशीच, पट्टी लावून बघितली, केसाचाही फरक नाही. नेलपॉलिश कुठं निघालेलं नाही, तुमच्या धाकटीला सांगा, कंपनी चांगली आहे. उजव्याची मात्र स्प्लाईनच्या अलीकडं, बोटभर लांबीत, किंचित कललीय. आधी वाटलं मलाच तशी दिसतेय म्हणून वडिलांना दाखवली, त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "हं, कललीय. जा मिस्त्रीकडं."

सोमवारी सकाळच्या बसनं येतो, शाफ्ट पोत्यात गुंडाळून. लाल रंगाची नवी बाटलीपण आणतोय, दोन आणतो, एक तिची.