केदार खोऱ्यातील छपरांवरून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

केदारनाथच्या हेलिकॉप्टर सेवेविषयी आपल्याकडे बातमी येते ती एक तर बुकिंग सुरू झाल्याची किंवा अपघाताची. 15 जून 2025 च्या पहाटे गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण दगावले आणि त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील आईवडील व त्यांची चिमुकली मुलगी असल्यामुळे महाराष्ट्रात त्याची बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र त्या चर्चेत आत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार झाला. ज्यांच्या घरांवरून ही हेलिकॉप्टरे दिवसभर जातात, त्या मंदाकिनीच्या खोऱ्यातील गावकऱ्यांचा उल्लेख मला कुठे वाचायला मिळाला नाही. त्यांच्यासाठी हे पत्र.

त्या अपघाताच्या महिनाभर आधी आम्ही पतिपत्नी केदारनाथला गेलो होतो आणि जाताना फाटा या ठिकाणाजवळच्या एका गावात दोन रात्री एका कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. गुप्तकाशी, फाटा आणि शेरसी या परिसरांतील हेलिपॅडवरून केदारनाथच्या फेऱ्या सुटतात. पहिल्या सकाळी सहाच्या सुमारास फळीवरची स्टीलची ताटे वाजू लागली, तेव्हा मला भूकंपच वाटला. घरची सून चुलीपुढे बसून काहीतरी सांगत होती. ती वाक्याच्या मध्येच थांबली, आवाज डोंगराआड गेला आणि तिने पुढच्या शब्दापासून वाक्य पूर्ण केले. आपण थांबलो होतो हे तिच्या ध्यानातही आले नसावे. दिवसभरात पाहिले, तर सगळे गावच असे बोलते. अंगणात बसून मी फेऱ्या मोजायला घेतल्या आणि विसाच्या पुढे मोजणे सोडून दिले. दावणीची गाय आता दचकत नाही, पण नवे वासरू अजून दोर ताणते, असे म्हातारी सांगत होती.

मी आयुष्यभर शिक्षिका होते, त्यामुळे पाय शाळेकडे वळलेच. तिथल्या गुरुजींनी यावर स्वतःपुरता उपाय काढला आहे. आवाज जवळ येऊ लागला की ते मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहायला लागतात आणि तो विरला की पुन्हा वळून बोलतात. पाढे म्हणून घ्यायचे असतील, तर ढग उतरलेला दिवस बरा, कारण त्या दिवशी ‘हेली’ उडत नाहीत, असे ते हसत म्हणाले. मला काही हसू आले नाही.

या लोकांचा हेलिकॉप्टरवर राग आहे असे मात्र कोणी समजू नये. 2013 च्या जूनमधील महापुरात केदारनाथच्या पायवाटेवरचे रामबाडा वाहून गेले, तेव्हा अडकलेली माणसे हेलिकॉप्टरनेच बाहेर काढली गेली आणि त्या कामात असलेले वायुदलाचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून 20 जवानांनी प्राण गमावले, हे तिथे लहान मुलेही सांगतात. त्या आवाजाची त्यांना कृतज्ञताच आहे. तक्रार आहे ती यात्रेच्या हंगामात भाविकांना नेण्या-आणण्यासाठी छपरांवरून होणाऱ्या फेऱ्यांविषयी आणि त्यातही त्या किती खालून होतात याविषयी.

या उंचीबाबत काही ठरलेले नाही असेही नाही. खोऱ्याचा मोठा भाग 1972 साली घोषित झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, जिथे कस्तुरीमृगाचा अधिवास आहे. तिथून उडताना जमिनीपासून किमान 600 मीटर उंची राखावी, अशी शिफारस भारतीय वन्यजीव संस्थेने केली आणि हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंतही गेला. ही मर्यादा पाळली जात नसल्याचे वन विभागाने वेळोवेळी नोंदवले आहे. ती का मोडली जाते हेही उघड आहे. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे. तिथे विरळ हवेत आणखी 600 मीटर चढायचे म्हणजे इंधन आणि वेळ दोन्ही जास्त लागणार, आणि ढग येण्याआधीच्या मोजक्या तासांत फेऱ्या कमी होणार. शिवाय ढग थोडे खाली उतरले, की समोरचे दिसावे म्हणून वैमानिकालाही त्यांच्याखालून, दरीच्या पोटातून जावे लागते. अरुंद दरीत दोन्ही बाजूंचे कडे आवाज परत फेकतात, त्यामुळे गावापर्यंत तो दुप्पट होऊन येतो. अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य. पण ज्या दिवशी ठरलेल्या उंचीवरून जाता येत नाही, त्या दिवशी उडू नये, एवढाच त्यांचा अर्थ होतो. हा नियम काटेकोर पाळला, तर गावाला शांतता मिळेल आणि ढगांत वाट चुकण्याचा प्रवाशांचा धोकाही कमी होईल.

आता आमच्याविषयी. चढताना आम्ही गौरीकुंडाहून पायी आणि पुढे घोड्यावर गेलो, परंतु वर पोहोचेपर्यंत माझ्या पतींचा गुडघा सुजला आणि उतरताना आम्हीही हेलिकॉप्टरचेच तिकीट काढले. दहा मिनिटांच्या आत आम्ही खाली होतो. वाटेत त्या गावाची छपरे दिसली. आपण उतरलो होतो ते घर कोणते, हे ओळखण्याआधीच ती मागे गेली. आपल्या आवाजाने त्या फळीवरची ताटे वाजली असतील, हे मला हेलिपॅडवर उतरल्यावर सुचले. तेव्हा हेलिकॉप्टरने जाऊच नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. वृद्ध, आजारी आणि अपंग भाविकांना ही सोय हवीच. परंतु आपल्याकडच्या यात्रा कंपन्या जाहिरातींत ‘हेलिकॉप्टरने केदारनाथ’ हे चारधाम सहलीचे मुख्य आकर्षण म्हणून छापतात आणि धडधाकट तरुणही व्हिडिओ काढण्यासाठी ती घेतात, हे थांबायला हरकत नाही. पायवाटेवरच्या घोडेवाल्यांचे, पाठीवरून माणसे-ओझी वाहणाऱ्या पिठ्ठूंचे आणि चहाच्या टपऱ्यांचे पोट त्याच यात्रेकरूंवर चालते. सोनप्रयागहून रोपवे होणार आहे, पण तो होईपर्यंत गावाने कानात बोळे घालून बसावे काय?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आणि उत्तराखंड सरकारला मला एवढेच विचारायचे आहे, की प्रत्येक फेरीची उंची उपकरणाने नोंदवून ती रोजच्या रोज जाहीर का करू नये? जमिनीवरून अंदाजाने केलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही, हे गावकऱ्यांनी अनुभवले आहे. नोंद उघड असली, तर वाद उरणार नाही. शाळेच्या वेळात वस्त्यांवरचा मार्ग थोडा बाजूला सरकवता येईल का, हेही वैमानिकांना आणि गावच्या प्रधानांना (म्हणजे सरपंचांना) एकत्र बसवून तपासावे. केदारनाथचे दरवाजे उघडण्याची तिथी दरवर्षी महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते आणि दरवाजे बंद होतात ते भाऊबीजेला. मधल्या हिवाळ्यात हेलिपॅड ओस असतात. ही बैठक त्याच काळात घेता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
कऱ्हाड, जि. सातारा