ती इमारत माझ्यावर पडली नव्हती

बेळगाव, 6 एप्रिल 2025

प्रिय बाळ्या,

फोनवर तुला नीट काही सांगता आलं नाही. तू विचारत होतास आणि इकडं आई, बायको, शेजारच्या काकू, सगळ्या कान लावून उभ्या. शिवाय मी काय सांगतो त्यापेक्षा गल्लीत जे ठरलंय तेच खरं, अशी इथली तऱ्हा तुला ठाऊक आहे. गल्लीच्या हिशेबानं बँकॉकची ती 33 मजली इमारत भूकंपात माझ्या मागं दोन पावलांवर कोसळली आणि मी कपिलेश्वराचं नाव घेत धुळीतनं बाहेर आलो. मंडळाच्या पोरांनी शाल-श्रीफळाची तयारीसुद्धा केली होती. तुला तरी खरं काय ते माहीत असावं, म्हणून लिहायला बसलोय.

पडली ती सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची इमारत, काम चालू असलेली, चतुचक बाजाराच्या जवळ. मी तिथनं सात-आठ किलोमीटरवर, प्रतूनाम भागात हॉटेलात होतो. आपली माणसं उतरतात ती तिथंच, डाळ-भात मिळतो म्हणून. आपल्या भट्टीतल्या पंपाच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, गिऱ्हाईक आहे ना, त्याच्याकडचं काम गुरुवारी उरकलं होतं. शुक्रवार मोकळा, शनिवारी विमान, रविवारी पाडवा घरी, असा बेत. निघतानाच आई कुरकुरली होती की अमावास्येच्या तोंडावर परदेशात कशाला राहायचं. आता तिच्यापुढं बोलायची सोय उरलेली नाही.

28 मार्चला दुपारी 1.20च्या सुमारास 19व्या मजल्यावरच्या खोलीत बॅग भरत होतो. एकदम गरगरल्यासारखं झालं. पहिला संशय शुगरवर. गोळी घेतली होती आणि जेवण लांबलं होतं. पलंगावर बसलो, खिशात चॉकलेट चाचपायला लागलो. तेवढ्यात कपाटाचं सरकतं दार आपलं आपण उघडलं. जरा थांबलं, मिटलं. परत उघडलं. शुगर उतरली म्हणून कपाट उघडत नाही बे!

मग आवाज सुरू झाला. भिंतींच्या आतनं करकर, जुन्या झोपाळ्याच्या कड्यांसारखी. आई 1967च्या कोयनेच्या धक्क्याचं सांगते, पहाटेची भांडी खणखणली आणि कळेपर्यंत संपलंसुद्धा. हे तसलं नव्हतं. इमारत एका बाजूला जायची, जायची, आता थांबेल म्हणेपर्यंत आणखी जायची, आणि मग सावकाश परत यायची. त्या सावकाशीची भीती वाटली मला. धडाधड हलली असती तर पळालो असतो. इथं मी पलंगाची कड धरून बसलो होतो आणि खिडकीतली समोरची इमारत वर-खाली होताना बघत होतो.

पासपोर्ट आणि मोबाईल खिशात होते, बाकी सगळं टाकून जिना गाठला. जिन्यात माणसंच माणसं, कुणी अनवाणी, कुणी टॉवेल गुंडाळून, एक बाई डोक्याला शाम्पूचा फेस तसाच घेऊन. वरनं प्लास्टरची पूड पडत होती. एका वळणावर भिंत आणि पायरी यांच्या सांध्यातनं फट गेली होती. ती माझ्या डोळ्यांदेखत बोटभर उघडायची आणि परत मिटायची. तिथं सगळे थबकले. पुढं हॉटेलची साफसफाईवाली बाई होती, हातात मॉप तसाच. तिनं मॉपच्या दांड्यानं कठड्यावर ठणठण वाजवलं आणि थाईत काहीतरी ओरडली. शब्द कळला नाही, पण आमची रांग मुकाट्यानं तिच्या मागं उतरायला लागली.

आता ऐक, माझ्यावर खरा प्रसंग आला तो खाली. तळमजल्यावर पोचलो, काचेच्या दारापुढं गाड्या थांबायचं छप्पर आहे, त्याच्या पलीकडं मोकळा रस्ता. जीव तिकडं ओढत होता. छपराच्या कडेला एक ठेंगणा वॉचमन दोन्ही हात पसरून उभा. कुणाला पुढं जाऊ देईना. मला संतापच आला. इमारत हलतेय आणि हा अडवतोय? मी बाजूनं घुसलो. त्यानं मागनं शर्टाची कॉलर धरून असा हिसडा दिला की वरची दोन बटणं तुटली. तोंड उघडून काय बोलणार तोच छपराच्या कडेपुढं पाण्याचा लोट आदळला. गच्चीवरच्या पोहायच्या तलावातलं पाणी! एवढ्या उंचीवरनं पडलेलं पाणी भिजवत नाही रे, फोडतं. त्याच्याबरोबर निळ्या फरशांचे तुकडे आणि एक अख्खी लोखंडी खुर्ची. खुर्ची पडली ती मी जिथं पाय टाकणार होतो तिथं. तिचा एक पाय वाकून वर आला होता.

वॉचमननं वर बघितलं, पाणी थांबल्याची खात्री केली आणि मग एकेकाला पाठीवर थाप मारत रस्त्यापलीकडं पिटाळलं. मलाही मारली. नंतर त्याला शोधलं, पण पाळी बदलली होती.

रस्त्यावर मात्र वेगळीच गंमत. फळांची गाडी लावणारी बाई सांगत होती, म्हणजे हातवाऱ्यांनी, की तिला आधी उन्हाची घेरी आल्यासारखं वाटलं. आम्ही वर झुलत होतो आणि खाली हिला घेरी! त्याचं कारण मी नंतर एका इंजिनिअरकडनं समजून घेतलं, तुला आवडेल. भूकंप झाला म्यानमारमध्ये, मंडालेजवळ, 7.7 तीव्रतेचा. तिथनं बँकॉक हजारेक किलोमीटर. एवढ्या वाटेत झपझप हलवणाऱ्या लाटा मरून जातात, उरतात त्या लांब, संथ. बँकॉक शहर मऊ चिखलमातीवर वसलंय, त्यात त्या संथ लाटा आणखी फुगतात. संथ लाटेला उंच इमारत सापडते, बैठं घर सुटतं. त्यामुळं ज्यानं जास्त पैसे मोजून वरची खोली घेतली त्यालाच जास्त हलवलं.

मेट्रो बंद, रस्ते गच्च. रात्री हॉटेलवाल्यांनी तपासणी झाल्याशिवाय वर सोडलं नाही, लॉबीतच पडलो. शेजारी कुणीतरी फोनवर कन्नडात "आराम अदीनि, आराम अदीनि", म्हणजे बरा आहे, बरा आहे, म्हणतोय. बघतो तर गोकाकचा माणूस. रात्रभर त्याचं कन्नड आणि माझं मराठी, मधनंमधनं उलटंपालटं. त्यानं चिरमुऱ्याची पिशवी काढली, मी फरसाण काढलं. इथं बोर्ड मराठीत का कन्नडात यावरनं तोंड फिरवणारे आम्ही दोघं तिथं एकाच चादरीवर, आणि सकाळी तो माझी बॅग आणायला माझ्याबरोबर 19 मजले चढला. पायात गोळे आले दोघांच्या. विमान वेळेवर मिळालं, बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली आणि पाडव्याच्या सकाळी बेळगावात उतरलो. घरी गुढी उभी होती आणि आई दारातच विचारते, "जेवूलालास काय तिकडं नीट?"

त्या पडलेल्या इमारतीवर बरेच कामगार म्यानमारचे होते. म्हणजे ज्या मिनिटाला ते ढिगाऱ्याखाली गेले, त्याच मिनिटाला कुणाकुणाची घरंही तिकडं पडली असतील. म्यानमारमधल्या मृतांचा आकडा 3,000च्या वर गेलाय. बँकॉकच्या ढिगाऱ्यातनं आजही माणसं निघायची आहेत. सळ्यांचे नमुने तपासले तर त्यांतले काही निकषांत बसले नाहीत, अशीही बातमी आलीय. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. इथं उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, आपण एक कास्टिंग हवेच्या फुग्यानं नापास झालं तर गिऱ्हाईक परत पाठवतं म्हणून हळहळतो.

आपल्याकडंही बिहार-ओडिशाची पोरं भट्टीवर आहेत. त्यातला एक मला विचारत होता, "सेठ, उन मजदूरों के घरवालों को किसने बताया होगा?" गल्लीत एवढे जण येऊन गेले, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

म्हणून मी मंडळाला सत्काराचं नको म्हणून सांगितलं. पोरं रुसली. एक जण तोंडावर म्हणाला, "भाव खायलाय." खाऊ दे. माझ्या अंगावर इमारत पडली नाही, खुर्ची पडायची होती, तीसुद्धा एका वॉचमननं पडू दिली नाही. शाल कुणाला द्यायचीच तर त्याला द्या, आणि तो कुठं राहतो ते मला माहीत नाही. आईनं कपिलेश्वराला अभिषेक केला, त्याला मी आडवा आलो नाही. तिचा हिशेब वेगळा आहे.

आता तुझ्या कामाचं. तुमच्या पुण्याखाली काळा कातळ आहे, बँकॉकचा चिखल नाही, तेव्हा तसलं झुलणं तुझ्या वाट्याला येईल असं काही मी म्हणत नाही. पण तू 22व्या मजल्यावर राहतोस आणि मागच्या खेपेला आलो तेव्हा तुमच्या इमर्जन्सी जिन्यात सायकली, कुंड्या आणि कुणाचा तरी जुना सोफा होता. खालचं दार साखळीनं बांधलेलं. आग लागली तरी उतरायची वाट तीच आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नुसतं बोलू नकोस, स्वतः जाऊन ती साखळी काढायला लाव, आणि एकदा पोरांना घेऊन 22 मजले उतरून बघ किती वेळ लागतो ते.

वहिनींना नमस्कार. कुंदा पाठवतोय, त्यातला अर्धा तुझ्या आईला दे, मागच्या वेळी तूच संपवलास असं तिनं मला फोनवर सांगितलंय.

तुझा,
अण्णा