ताई, बिल्डचं काम तुम्ही हातात घेतलंत त्याबद्दल मनापासून आभार

ताई, नमस्कार.

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही हे माहितीय, म्हणून नाव लिहीत नाही, पण नुसता मेसेज टाकून भागण्यातलं हे काम नाही. नवीन रिपोर्ट आला की दूध संस्थेचे सचिव आपणहून फोन करतात, लई भारी झालंय म्हणतात. बिल्ड, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं, तो नीट झाला म्हणून कुणी कुणाला फोन करत नाही. आणि गेल्या वर्षभरात आपल्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात मोठं काम झालं असेल तर ते तुमचंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावातल्या छोट्या दूध संस्थांसाठी आम्ही काही जण मिळून एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतो, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफवरून (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) दर, म्हैस-गाय वेगळं, मग उत्पादकाचं बिल. करवीर, राधानगरी, गगनबावडा भागात काही संस्था वापरतात. तिथले कॉम्प्युटर जुने, बऱ्याच ठिकाणी अजून जावा ८, नेट कधी असतंय कधी नाही.

ताई यायच्या आधी रिलीज एकाच लॅपटॉपवरून निघायचं. वजनकाट्याशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, त्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हमधल्या एका फोल्डरमध्ये होती आणि पॉम फाइलमध्ये (बिल्डला काय काय लागतं ते लिहिलेली फाइल) थेट तोच पत्ता लिहिलेला. म्हणजे शिवाजी विद्यापीठातला एखादा पोरगा हौसेनं कोड उतरवून घ्यायचा, बिल्ड लावायचा, पहिल्याच मिनिटाला लाल अक्षरं, की झालं, परत यायचाच नाही. कोड सगळ्यांसाठी उघडा होता पण त्यातून चालतं सॉफ्टवेअर काढणं एकालाच जमायचं, याला ओपन सोर्स म्हणायचं तरी कसं!

तुम्ही सुरुवात तिथूनच केलीत. आरएक्सटीएक्स ही ती जुनी लायब्ररी काढून जेसिरियलकॉम घातलंत, जी सरळ मॅव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या जाहीर साठ्यावरून येते आणि विंडोज-लिनक्सच्या नेटिव्ह फाइल्स स्वतःच्या जारमध्येच (जावाची पॅक केलेली फाइल) घेऊन येते, त्यामुळे संस्थेत जाऊन डीएलएल हाताने जावाच्या फोल्डरात टाकायचं काम संपलं. सोबत मॅव्हन, म्हणजे आपला बिल्ड करणारं टूल, त्याचा रॅपर रेपोमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) टाकलात. आता मशीनवर मॅव्हन नसलं तरी चालतं, रॅपर ठरलेलं व्हर्जन स्वतः उतरवून घेतो, सगळ्यांकडे तेच.

मग तो बिलाच्या पीडीएफचा प्रकार. आमच्याकडे व्यवस्थित चालायचं आणि संस्थेत बिल काढलं की नोसचमेथडएरर (हवी ती मेथड सापडत नाही) येऊन प्रोग्रॅम बंद. दोन वेगवेगळ्या लायब्ररी एकच तिसरी लायब्ररी मागत होत्या, एकीला जुनं व्हर्जन हवं, दुसरीला नवं, आणि मॅव्हन अशा वेळी नवं कुठलं ते बघत नाही, डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कुणाला मागते त्याचं झाड) आपल्या प्रोजेक्टला जवळचं कुठलं ते बघतो, अंतर सारखं असेल तर पॉममध्ये आधी लिहिलंय ते घेतो. म्हणजे कुणी दोन ओळींची जागा बदलली तरी आतलं व्हर्जन बदलू शकतं, आणि कंपाइल करताना एक शब्द बोलत नाही. तुम्ही डिपेंडन्सी ट्री व्हर्बोजमध्ये, म्हणजे सविस्तर, काढून आमच्यासमोर ठेवलीत, कोण कुणाला ओढून आणतंय ते दाखवलंत, सगळी व्हर्जनं मुख्य पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये एका जागी आणलीत आणि वर एन्फोर्सर या मॅव्हनच्या प्लगइनचा कन्व्हर्जन्सचा नियम लावलात. आता एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं ट्रीमध्ये आली की बिल्ड तिथल्या तिथं थांबतो. आधी ते संस्थेत बिलाच्या दिवशी कळायचं, तेही रांगेत उभ्या असलेल्या उत्पादकांसमोर.

जावा ८ चंही तसंच. सोर्स आणि टार्गेट ८ लिहिलं की झालं असा आमच्यातल्या बऱ्याच जणांचा समज होता. पण तेवढ्याने भाषा ८ ची राहते, जावाची स्वतःची लायब्ररी मात्र आमच्या मशीनवर असलेल्या जेडीके (जावाचा डेव्हलपर संच) १७ चीच वापरली जाते, म्हणून स्ट्रिंगची इजब्लँक मेथड, जी जावा ११ मध्ये आली, ती बिनतक्रार कंपाइल व्हायची आणि संस्थेतल्या जावा ८ वर फुटायची. त्याऐवजी तुम्ही रिलीज ८ हा ऑप्शन घातलात, कंपायलर आता तिथंच अडवतो. एका ओळीचा बदल. अशी ओळ कुठं पाहिजे हे माहीत असायला किती वर्षांचा अनुभव लागत असेल याचा मी अजून विचार करतोय. मराठी अक्षरांचंही तुम्हीच बघितलंत, जावा १८ पासून यूटीएफ-८ (मराठीसकट सगळी अक्षरं साठवायची पद्धत) डिफॉल्ट झालं पण आमच्या संस्था ८ वर, तिथं विंडोजचंच एन्कोडिंग धरलं जातं, म्हणून सोर्सचं एन्कोडिंग पॉममध्ये आणि फाइल वाचतानाचं कोडमध्ये स्पष्ट लिहिलंत. उत्पादकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं यायची ती गेली.

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल आभार मानायचेत ते म्हणजे तुम्ही पॉममध्ये लिहिलेल्या कमेंट. प्रत्येक अडकवलेल्या व्हर्जनच्या वर दोन-तीन ओळी मराठीत, हे व्हर्जन का, याच्या पुढचं जावा ११ मागतं म्हणून नको, हे एक्स्क्लूजन (नको असलेली लायब्ररी वगळणं) कशासाठी, काय झालं की काढून टाकायचं. मी नोकरीत मोठमोठे पॉम बघितलेत, तिथं वर्षानुवर्षं एखादं जुनं व्हर्जन तसंच पडून असतं कारण का ठेवलंय हे सांगणारा माणूस सोडून गेलेला असतो आणि हात लावायची कुणाची छाती होत नाही. आपल्याकडं आता थर्ड इयरची मुलगीसुद्धा कमेंट वाचून ठरवू शकते की हे अपग्रेड करायला हरकत नाही, आणि तसं तिनं केलंयसुद्धा, तुम्ही रजेवर असताना, आणि टेस्ट सगळ्या हिरव्या.

टेस्ट चालतात तेही मॉड्यूल, म्हणजे कोडचे भाग, वेगळी केल्यामुळं. आधी सगळं एकाच मॉड्यूलमध्ये, रिपोर्टचा कोड स्क्रीनला बोलवतोय, स्क्रीन रिपोर्टला. वेगळं करायला घेतल्यावर मॅव्हननं सायकलची एरर दिली, तेव्हा आमच्यातले काही जण म्हणाले जाऊ दे, राहू दे एकत्र. तुम्ही सोडलं नाहीत. दर काढायचा भाग एकदम तळाला नेलात, तो कुणावरच अवलंबून नाही, त्यामुळं वजनकाटा, प्रिंटर काही जोडलेलं नसताना फॅट-एसएनएफचा दर बरोबर येतो का हे तपासता येतं. लोकांच्या घामाचे पैसे आहेत हे, तेवढा भाग तर तपासलेला पाहिजेच.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं खोदून बघितलं आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये घुसवलेला बॅकडोर (चोरवाट) सापडला, त्यातला बिल्ड स्क्रिप्टचा कळीचा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये, नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (पॅक केलेल्या फाइलमध्ये) होता. त्याचा दाखला देऊन तुम्ही आग्रह धरलात की आपलं रिलीज कुणाच्याच लॅपटॉपवरून निघणार नाही, तुमच्याही नाही. कोडवर रिलीजचा टॅग (खूण) लावला की सर्व्हरवर बिल्ड होतो, जारमधल्या वेळा एका ठरलेल्या टाइमस्टॅम्पवर बांधलेल्या, म्हणून त्याच टॅगवरून, त्याच जेडीकेनं दुसऱ्या कुणी बिल्ड केला तरी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) तोच यायला पाहिजे. विंडोजवर लाइन एंडिंगमुळं वेगळा यायचा तेही तुम्हीच शोधून काढलंत. एवढ्याशा गावच्या सॉफ्टवेअरला कशाला हवंय हे असं काहींना वाटलं असेल, मला नाही वाटलं. पैशाचा हिशेब आहे, गाव लहान असलं म्हणून काय झालं.

ताई, हे सगळं नोकरी सांभाळून, रात्री, एक पैसा न घेता केलंत. शिवाय प्रत्येक पोराच्या प्रश्नाला उत्तर दिलंत, "हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे" म्हणून कुणाला वाटेला लावलं नाहीत. मनापासून धन्यवाद.

आता प्रिंटरच्या मॉड्यूलमधली जुनी लायब्ररी तेवढी राहिलीय, ती बदलायचं काम दोन नवीन पोरांनी उचललंय. घाई नाही, पण रिव्ह्यू तुम्हीच करा असं त्यांचं म्हणणं आहे. आणि पुढच्या वेळी कोल्हापूरला आलात की एक दिवस राजारामपुरीत बसूया, सगळ्यांना तो पॉम वरपासून खालपर्यंत तुमच्याकडून समजून घ्यायचाय. तारीख तेवढी कळवा, जागेचं मी बघतो.