बडी गायची गिटार आणि लांबलचक वायर

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पहिली इलेक्ट्रिक गिटार कुठली घ्यावी यावर लेख होता, पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग), लाकूड, किंमत सगळं बैजवार दिलं होतं, पण गिटार वाजवणारे खरंच असं चार्ट बघून गिटार निवडतात का हो? मी काही मोठा वादक नाही, गणपतीत ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून कॉर्ड मारायचो एवढंच, पण ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवणाऱ्या बडी गायचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही (हो, आडनाव गायच आहे, आमच्या ग्रुपमध्ये त्यावर फार पाचकळ विनोद झालेत).

हा अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातला, १९३६ चा जन्म, आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे, पोराने घरीच तारा ताणून दोन तारांचं वाद्य बनवलेलं. पुढे तिथल्याच बॅटन रूज शहरात तो गिटार स्लिम नावाच्या ब्लूजवाल्याचा शो बघायला गेला. बँड सुरू झाला, गिटार ऐकू येतेय पण स्टेजवर गिटारवाला नाहीच! आणि मग हा स्लिम मागच्या दारातून येतो, भडक रंगाचा सूट, एका आडदांड माणसाने त्याला लहान मुलासारखं उचलून घेतलेलं, हातात फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटार आणि तिला जोडलेली ही लांबच लांब वायर. बडीने तिथेच ठरवलं की वाजवायचं ब्लूजमधल्या दिग्गज बी. बी. किंगसारखं पण स्टेजवर वागायचं गिटार स्लिमसारखं, आणि गिटार पण स्लिमसारखीच, स्ट्रॅट.

म्हणजे बघा, टोन वगैरे नंतरच्या गोष्टी. अर्थात स्ट्रॅट या कामाला फिटच होती, आतून भरीव, त्यामुळे आवाज वाढवला की पोकळ गिटार जशी शिट्टी मारायला लागते तसं हिचं पटकन होत नाही. १९५७ ला तो शिकागोला गेला आणि तिथेही लांब वायर घेऊन वाजवत वाजवत क्लबच्या बाहेर रस्त्यावर जायचा, थंडीबिंडी काही बघायचा नाही.

आणि हे बघून गिटार निवडायचं वेड एकाकडून दुसऱ्याला लागतं बरं का. १९६५ ला लंडनच्या मार्की क्लबात बडी वाजवत होता तेव्हा ऐकायला तरुण इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन होता. तो लगेच काही बदलला नाही, मधे बरीच वर्षं गिब्सन कंपनीची गिटार वाजवली, पण शेवटी स्ट्रॅटवरच आला, आणि आज स्ट्रॅट म्हटलं की निम्म्या लोकांना क्लॅप्टनच आठवतो.

२०११ ला बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल पहिल्यांदा झालं तेव्हा बडीला मी प्रत्यक्ष बघितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस वाजवत वाजवत सरळ पब्लिकमध्ये, आता वायरलेस होतं पण मला ती वायर दिसतच होती. बायको म्हणाली अहो तोंड मिटा.

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखासोबत आसपास लाइव कार्यक्रम कुठे आहेत त्याची एक चौकट द्या. तुमचा लेख वाचून माझ्या भाच्याने एक गिटार पक्की केली होती, मग तो एका कॉलेजच्या फेस्टला गेला, तिथे एक मुलगी फेंडरचीच दुसरी गिटार, टेलिकास्टर, वाजवत होती. आता त्याला टेलिकास्टरच पाहिजे, आणि मामाचं बजेट गेलं खड्ड्यात.

आपला,
एक जुना ऑर्केस्ट्रावाला, डोंबिवली