बडबड्या दामिन आणि आपले बाबा

सुझोउ (चीन), रविवार

प्रिय आई आणि बाबा,

शि. सा. नमस्कार.

फोनवर जे बोलता येत नाही ते लिहून पाठवते आहे. बाबांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषय निघाला की आई लगेच "तिकडं थंडी किती पडलीय" यावर येते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन गॅलरीत जातात. पत्राला असं मधेच तोडता येत नाही. आई, हे आधी तू एकटी वाचणार हे मला ठाऊक आहे. वाच, आणि मग बाबांच्या हातात दे. तुझ्यासाठी वेगळं काही लिहिलेलं नाही, जे आहे ते दोघांना मिळून आहे.

सध्या रात्री जेवताना मी एक जुनी चिनी मालिका बघते. ऑफिसात हिशेबाचं काम बघणाऱ्या, आईच्याच वयाच्या एक बाई आहेत. बाबांना काय झालंय ते त्यांना सांगितलं, तेव्हा 'काळजी करू नकोस' वगैरे काही न बोलता त्यांनी या मालिकेचं नाव कागदावर लिहून दिलं. २००० साली आलेली, 'बडबड्या झांग दामिनचं सुखी आयुष्य' अशा नावाची. लिउ हेंग नावाच्या लेखकाच्या कथेवरून केलेली. दामिन इतक्या भराभर बोलतो की निम्मं माझ्या डोक्यावरून जातं, मग थांबवून खालची अक्षरं वाचावी लागतात.

बाबा, हा दामिन तुम्हाला आवडेल. बेइजिंगमधल्या एका सामायिक अंगणाच्या वाड्यात राहतो आणि थर्मासच्या कारखान्यात कामाला आहे. वडील नाहीत, आई आहे, आणि पाच भावंडं. नावं काय, तर दामिन, अरमिन, सानमिन, सिमिन, वूमिन. थोरला सोडला तर बाकीचे दोन, तीन, चार, पाच. घर एवढंसं. धाकट्या भावाचं लग्न होतं तेव्हा दोन जोडप्यांनी एका खोलीत कसं झोपायचं याचा अख्खा खल होतो. आजीच्या घरी गणपतीत सगळे जमल्यावर अंथरुणं टाकताना तुम्ही जे नकाशे आखायचा, हुबेहूब तसं. शेवटी दामिन अंगणात खोली काढायला घेतो. मधे झाड येतं. झाड तोडायचं नाही, तर तो झाडाभोवतीच भिंती उभ्या करतो. पलंगाच्या मधून झाडाचं खोड वर गेलेलं! पुढे मुलगा होतो, त्याचं नावही झाड असंच ठेवतात. आणि या बांधकामावरून शेजाऱ्याशी भांडण होतं त्यात दामिन डोक्यात वीट खातो, तीही जवळजवळ मागून घेतलेली, कारण मार खाल्ला तर जागा पदरात पडेल हा हिशेब. हे बघताना मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर ठोकलं.

पण त्या बाईंनी ही मालिका मला हसण्यासाठी सुचवली नव्हती. भावंडांतली चौथी, सिमिन, प्रसूतीच्या इस्पितळात नर्स आहे. अतिशय टापटिपीची, घरात सगळ्यांत शहाणी मुलगी. तिला रक्ताचा कर्करोग होतो आणि ती जाते. तिचा प्रकार बाबांच्या प्रकारासारखा नव्हता, काळही वेगळा होता, हे आई तुला इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना हात कापायला नकोत.

मी जे बघत राहिले ते दामिनचं बोलणं. त्याच्याकडे पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत, पुढे नोकरीही जाते आणि दारोदार थर्मास विकायची वेळ येते. त्याच्याकडे फक्त तोंड आहे. कथेची सुरुवातच बघा. शेजारच्या युनफांगला तिचा मित्र अमेरिकेला गेल्यावर सोडून देतो. ती लग्नासाठी घेतलेलं रेशमी कापड उराशी धरून बसते, अन्नपाणी सोडते, कुणाशी बोलत नाही. घरचे हात टेकतात. दामिन जातो आणि नुसता बोलत सुटतो. समजावत नाही, धीर देत नाही. काहीबाही, अघळपघळ, मधेच मूर्खासारखं. बोलता बोलता ती रडते, मग जेवते, आणि पुढे त्याच्याशीच लग्न करते. तेच आजारपणाच्या वेळी. घरावर मोठं संकट आहे हे त्याला कळतं, पण म्हणून कुजबुजत बोलायचं हे त्याला जमतच नाही.

आता आपल्या घरी काय चाललंय ते सांगू? आईने आत्याला 'अ‍ॅनिमिया' सांगितलंय. काकांना 'पांढऱ्या पेशी जरा वाढल्यात' सांगितलंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला 'तपासण्या चालू आहेत'. रिपोर्टची फाईल साड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. बाबा गोळी घेतात तेव्हा टीव्हीचा आवाज मोठा केला जातो. आणि ज्या माणसाने इचलकरंजीत आयुष्यभर शंभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लावून घेतली, जॉबरकी करताना बिघडलेल्या मागाशीसुद्धा जो गप्पा मारायचा, तो माणूस आता घरात हळू आवाजात 'चहा' एवढंच म्हणतो. मला त्या आजाराची भीती वाटली त्यापेक्षा या शांततेची जास्त वाटते.

इथेही असंच करतात बरं का. इथे डॉक्टर पुष्कळदा आधी घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात, आणि घरचे ठरवतात पेशंटला कळू द्यायचं की नाही. हिशेबाच्या बाईंनी स्वतःच्या वडिलांना 'फुप्फुसाला सूज' असं सांगितलं होतं. म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत सगळं माहीत होतं आणि त्यांनीही माहीत नसल्याचं सोंग केलं. बाई म्हणाल्या, दोन वर्षं आम्ही एकमेकांसमोर नाटक केलं, आणि त्यात बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

एक गोष्ट मात्र नीट वेगळी करायची आहे, नाहीतर आई म्हणेल पोरगी चिनी मालिका बघून गावभर दवंडी पिटायला सांगते. या मालिकेत युनफांगचं काम करणारी नटी झू युआनयुआन. पुढे २०२० च्या शेवटी आलेल्या एका चित्रपटात ती मेंदूत गाठ असलेल्या मुलाची आई झाली होती. मे २०२५ मध्ये ती स्वतः कर्करोगाने गेली, वय ५१. घरच्यांनी नंतर जाहीर केलं की जवळजवळ पाच वर्षं ती आजाराशी झगडत होती. म्हणजे त्या पाच वर्षांत कामं चालू होती, २०२१ मध्ये सहायक अभिनेत्रीचा गोल्डन रूस्टर हा इथला चित्रपट पुरस्कारही तिने घेतला, आणि बघणाऱ्यांना पत्ता नव्हता. ती बातमी आली तेव्हा इथले लोक फार हळहळले होते. तिने जगाला सांगितलं नाही, तो तिचा निर्णय होता. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे ज्याचं दुखणं त्याने ठरवावं. आई, तू ठरवते आहेस. बाबांना काकांना सांगायचं असेल तर? काका त्यांचे नुसते भाऊ नाहीत, सगळ्यांत जुने मित्रही आहेत.

आणि दुसरं. सध्या घरात दुःख बंद आणि 'पॉझिटिव्ह' सुरू आहे. सकाळी सहाला आत्याचा सूर्योदयाचा फोटो, 'हसत राहा, आजार पळून जाईल'. बाबा, तुम्हाला हसत राहण्याची सक्ती कुणी केली तर फोन माझ्याकडे द्या. इथे श्योंग दुन या टोपणनावाने चित्रं काढणारी एक मुलगी होती, १९८२ चा जन्म, झेजियांग प्रांतातल्या लीश्वीची. २०११ मध्ये तिला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. तिने इस्पितळातूनच 'चालता हो, ट्यूमरराव!' अशी चित्रमालिका काढून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्यात स्वतःची टर, टक्कल, देखण्या डॉक्टरवर लाळ गाळणं, सगळं. लाखो लोकांनी ती वाचली, २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. ती नोव्हेंबर २०१२ मध्येच गेली होती. हसण्याने गाठ विरघळत नाही. तिला ते माहीत नव्हतं असं नाही. तिचा विनोद औषध म्हणून नव्हता, तिचा स्वभावच खट्याळ होता आणि आजारी पडल्यावर तो टाकून द्यायला ती तयार नव्हती, एवढंच. तुमचाही स्वभाव आहे. तो कुठे ठेवलाय? साड्यांच्या कपाटात?

औषधाचं म्हणाल तर तुमचं औषध वेगळं आणि खरोखर चांगलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी घाईत सांगितलं असेल, म्हणून पुन्हा सांगते. सीएमएलमध्ये, म्हणजे तुम्हाला झालेल्या रक्ताच्या कर्करोगात, नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्यातून एक चुकीचं प्रथिन तयार होतं, ते पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' म्हणत राहतं. तुमची इमॅटिनिबची गोळी त्या प्रथिनाचं तोंड बंद करते. ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. त्याआधी या आजारात माणसाच्या हातात साधारण काही वर्षंच असायची. ज्या रुग्णांवर या गोळीची पहिली मोठी चाचणी झाली, त्यांच्यातले सुमारे ८५ टक्के आठ वर्षांनंतरही हयात होते. म्हणजे रक्तदाबासारखं, रोज गोळी घ्यायची आणि संसार करायचा. पण रोज म्हणजे रोज. एकादशीला गोळी चुकते हे मला आईच्या बोलण्यातून कळलं आहे. साबुदाणा चालतो तर गोळीही चालते, पोटात काहीतरी घालून आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर. विठोबाला मी सांगितलंय. आणि शेजाऱ्यांनी आणून दिलेला तो काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

या गोळीमुळे इथे मला फुकटचा मान मिळतो, हे ऐका. इथून जवळच वूशी नावाचं शहर आहे. तिथल्या लू योंग नावाच्या एका व्यापाऱ्याला २००२ मध्ये तुमचाच आजार निघाला. तेव्हा इथे परदेशी कंपनीच्या गोळ्यांच्या एका महिन्याच्या डब्याला साडेतेवीस हजार युआन पडायचे. दोन वर्षांनी त्याला भारतात बनलेली तीच गोळी चार हजारांत मिळाली, पुढे ती आणखी स्वस्त झाली, पार दोनशेच्या घरात. तो स्वतः घेऊ लागला आणि इतर पेशंटांनाही मागवायला मदत करू लागला. त्यावरून त्याला अटक झाली. शेकडो पेशंटांनी सह्या करून त्याची बाजू मांडली आणि २०१५ मध्ये सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. त्यावरून २०१८ मध्ये आलेल्या चित्रपटाने तीन अब्ज युआनच्या वर धंदा केला, एवढी माणसं रडली. त्या वर्षी मे महिन्यापासून कर्करोगाच्या आयात औषधांवरची जकातही सरकारने शून्यावर आणली होती. मी भारतातली म्हटल्यावर टॅक्सीवाल्यांना आजही औषधं आठवतात. बाबा, जी पट्टी तुम्ही लोकांपासून लपवून खिशात ठेवता, तिच्यासाठी इथल्या माणसांनी तुरुंग पत्करला. आपल्याकडे ती स्वस्त राहिली त्यालाही कोर्टाची लढाई कारण आहे. १ एप्रिल २०१३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला होता. ही गोष्ट कट्ट्यावर सांगण्यासारखी आहे, आणि तुमच्यासारखी रंगवून कोण सांगणार!

आई, तुझ्यावर मी चिडलेय असं वाटलं असेल. चिडलेले नाही. तू हे सगळं का करतेस ते मला दिसतं. शब्द उच्चारला की ते खरं होईल असं तुला वाटतं, आणि दिवसभर घरात बाबांबरोबर तू असतेस, मी नाही. पण तूही कुणाशी बोलत नाहीस. भजनाला जायचं बंद केलंस कारण बायका विचारतील. विचारू देत. 'रक्ताचा कॅन्सर आहे, गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगला येतोय' एवढं सांगून टाळ हातात घे. दोन दिवस चघळतील, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सुनेचा विषय निघेल.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत मी येते आहे. दामिनचे भाग डाऊनलोड करून आणते. मी बाजूला बसून मराठीत सांगत जाईन, बाबांनी मधे मधे दामिनच्या वर बोलायचं, आणि आईने नेहमीप्रमाणे 'हा कोण, मघाचा तोच का?' विचारायचं. सगळ्या चिन्यांचे चेहरे सारखे दिसतात असं म्हणालीस तर मात्र मी टीव्ही बंद करणार आहे.

तीन महिन्यांचा बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारा रिपोर्ट या महिनाअखेर येईल. आला की दोघांनी टेबलावर ठेवून एकत्र वाचा, नंतर मला फोटो पाठवा. आकडा कळला नाही तर आपण तिघं मिळून व्हिडिओ कॉलवर बघू. टीव्हीचा आवाज बंद करून.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, रात्री पायात गोळे येतात आणि सकाळी डोळ्यांखाली सूज असते, हे तुम्ही वयावर ढकलताय. या गोळीने असं पुष्कळांना होतं आणि त्यावर उपाय करता येतात. डॉक्टरांना सांगा. लाजून 'ठीक आहे' म्हणालात तर मी थेट डॉक्टरांनाच फोन करीन.